वाचकांचे प्रश्न: उचकी, मोहिनी आणि मध्यंतरानंतरचा कंटाळा

या वेळी एकाच जातीच्या सिनेमावरची पत्रं एकत्र घेतली आहेत. थोडी जादू, थोडं प्रेम, भरपूर हसू, असे सिनेमे. तक्रारी जास्त, कौतुक कमी. पण तक्रारी नेमक्या आहेत, म्हणून उत्तरंही नेमकी देण्याचा प्रयत्न केला आहे.

अशा सिनेमावरून आमच्या घरात दरवेळी दोन तट पडतात. मुलं खूश असतात आणि आमचे हे मध्यंतरानंतर 'कायबी दाखवायलेत' म्हणून उठतात. पहिल्या तासात नायक हवेत उडाला तरी त्यांना चालतं. मग नंतर नेमकं काय बिघडतं? (परभणी)

त्यांना जादूचा राग आलेला नसतो. ठरलेला नियम मोडला, याचा राग असतो. खेळ सुरू झाल्यावर कुणी नियम बदलले की लहान पोरंसुद्धा डाव सोडतात, तसंच हे.

उदाहरणासाठी इथल्या इथे एक गोष्ट रचू. एका मुलीला उचकी लागली, की जो तिची आठवण काढत असेल त्याच्यासमोर ती जाऊन उभी राहते. आपल्याकडे उचकी म्हणजे आठवण, त्यामुळे कुणाला काही समजावत बसायला नको. आता नियम: एका उचकीला एकच माणूस, पाणी प्यायलं की उचकी थांबते आणि परतीची सोय नाही, परत यायचं ते एस.टी.ने. एवढे पुरेत. परभणीतून उचकीसरशी नागपूरला पोचलेली मुलगी पायात चप्पल आणि हातात पैसे नसताना परत कशी येते, यातच अर्धा विनोद आहे. जादूची किंमत तिच्या अंगावर पडते, म्हणून हसू येतं.

सव्वादोन तासांच्या सिनेमात हे सगळं पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत कळलं पाहिजे आणि तेही घडताना दिसलं पाहिजे. साधूबाबाच्या भाषणातून कळलं तर ते लक्षात राहत नाही. मध्यंतर साधारण सत्तराव्या मिनिटाला येतं. तोवर त्याच नियमामुळे मुलगी अशी अडकायला हवी, की चहाच्या रांगेत 'आता ही सुटते कशी' हीच चर्चा चालावी. शेवटच्या वीस मिनिटांत सुटकाही त्याच नियमातून व्हावी. तिचं लग्न दुसरीकडे ठरलंय, नायक ठरवून तिची आठवण काढत नाही, भिंतीकडे तोंड करून पाढे म्हणत बसतो. सतराच्या पाढ्यात चुकतो आणि भर मांडवातली नवरी त्याच्या खोलीत येऊन पडते. हा शेवट पटतो. देवीचा कौल मिळून उचकी कायमची थांबली, तर तो शेवट उसना वाटतो, मग देवी कितीही जागृत असो.

बिघाड बहुतेक तीन जागी असतो. मध्यंतरानंतर नायिकेला अचानक दुसरी शक्ती मिळते, म्हणजे आता तिला भविष्यही दिसतं. किंवा मारामारी घालायची म्हणून अर्धा तास जादू बंदच ठेवतात. किंवा जवळच्या माणसाला गुपित सांगितलं तर दोन मिनिटांत मिटेल असा घोळ, न सांगण्याचं कारण नसताना चाळीस मिनिटं ताणतात. तिसरा दोष सगळ्यांत जास्त आढळतो आणि त्याच्यावर सगळ्यांत कमी लिहिलं जातं.

जादू आली कुठून, हे मात्र नाही सांगितलं तरी चालतं. १९९३च्या 'ग्राउंडहॉग डे'त नायकाच्या वाट्याला २ फेब्रुवारी हाच दिवस पुन्हा पुन्हा येतो. का येतो, हे शेवटपर्यंत सांगत नाहीत आणि प्रेक्षकही विचारत नाही, कारण सकाळचे सहा वाजले की दिवस न चुकता पहिल्यापासून सुरू होतो. आपल्याकडे २००४च्या 'अगं बाई अरेच्चा!'मध्ये नायकाला मनातलं ऐकू येतं ते फक्त बायकांच्या. पुरुषांच्याही मनातलं ऐकू आलं असतं, तर गोष्ट सैल पडली असती.

पुढच्या वेळी हे उठले की घड्याळात बघून ठेवा. तीन-चार सिनेमांत उठण्याची वेळ लिहिलीत तर बहुतेकदा वरच्या तीनपैकी एक जागा सापडेल.

भुतंखेतं आणि प्रेमाची ही खिचडी विलायती आहे. आपल्या मातीत असं काही नव्हतं, असं माझं मत आहे. (पैठण)

पैठणहून हे पत्र यावं, याची गंमत वाटली. 'भूत जबर मोठें गं बाई' हे भारूड तुमच्याच गावच्या नाथांचं, सोळाव्या शतकातलं. झपाटलेल्या बाईचं सोंग, घुमणं, आजूबाजूच्यांची घाबरगुंडी, या सगळ्यावर लोक आधी पोट धरून हसतात आणि मग हळूच कळतं की हे भूत म्हणजे देवाचं वेड आहे. अद्भुत गोष्टीवर हसायचं आणि हसता हसता काही पदरात पाडून घ्यायचं, हे आपल्याला नवं नाही. प्रेमाचा भाग पुढच्या उत्तरात येतोच.

मोहिनी घातलेलं सरबत पाजून नायक नायिकेला प्रेमात पाडतो. थिएटर हसत होतं, मला हसू आलं नाही. मैत्रिणी म्हणतात, हलकंफुलकं आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? मी जास्त विचार करते का? (धाराशिव)

नाही. आणि हा प्रश्न तुमच्या जिल्ह्यात फार जुना आहे. जागरणात वाघ्या-मुरळी खंडोबा-बाणाईची कथा गातात. म्हाळसेबरोबरच्या सारीपाटात देव हरतो, बाणाईच्या वाड्यावर चाकर म्हणून राहतो, तिची मेंढरं मारून टाकतो आणि लग्नाचा शब्द मिळाल्यावर ती जिवंत करतो. लोकपरंपरा ते लग्न नळदुर्गला लावते. कथेत देवाची अडवणूक सरळ दिसते, गाणारे ती झाकत नाहीत. म्हाळसा-बाणाईच्या भांडणात तर देवाची चांगलीच पंचाईत होते. जादूने मिळवलेल्या बायकोचा हिशेब त्याला चुकता करावा लागतो.

सिनेमाला हीच कसोटी लावा. मोहिनी उतरल्यावर काय झालं, हे नायिकेला कळतं का? कुणी सांगतं, की तिला आपोआप कळतं? नायक स्वतःहून कबूल करतो की पकडला जातो? कळल्यापासून तिच्या होकारापर्यंत पडद्यावर किती वेळ जातो? तो वेळ गाण्यासकट दोन मिनिटांचा असेल, तर लेखकाने प्रश्न गुंडाळला असं खुशाल म्हणा. तिला शुद्धीवर येऊन रागवायला, निघून जायला, परत यायला किंवा न यायला जागा दिली असेल, तर सरबताचा विनोद मागे फिरूनही खटकत नाही. स्मृती पुसणं, रूप बदलून भेटणं, मनातलं चोरून ऐकणं या सगळ्यांना हेच माप लागतं.

मैत्रिणींना एवढंच विचारा: सरबत नायिकेने नायकाला पाजलं असतं, तर हसू तिथेच आलं असतं का? उत्तर काहीही आलं तरी गप्पा रंगतील.

जादूचे प्रसंग रात्रीचे होते आणि सगळं काळंमिट्ट दिसलं. संवाद नीट ऐकू आले नाहीत. सिनेमाच तसा आहे की थिएटरचा दोष? (जालना)

मत देण्याआधी हे तपासलंत ते बरं केलंत. २डी सिनेमाला पडद्यावर १४ फूट-लँबर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) उजेड हवा, असं मानक आहे. ३डी साधारण साडेचारवर चालवतात. प्रोजेक्टरचा दिवा जुना झाला, की उजेड हळूहळू घटतो आणि रोज बघणाऱ्याला ते जाणवत नाही. दुसरं कारण म्हणजे ३डीचं भिंग किंवा फिल्टर न काढताच २डी खेळ लावणं. मागे वळून प्रोजेक्टरच्या खिडकीकडे बघा. काही प्रोजेक्टरांमध्ये एका झोताऐवजी एकावर एक दोन झोत दिसले, की ३डीचं भिंग तसंच राहिलंय हे ओळखता येतं.

एक सोपी खूण: दिवसाच्या प्रसंगातलं आभाळ किंवा पांढरा सदरा मळकट, करडा दिसत असेल, तर दोष थिएटरचा. पांढरं पांढरं दिसतंय आणि फक्त रात्रच बुडाली असेल, तर तो चित्रीकरणाचा.

आवाजाचंही तसंच. मिश्रण करताना ध्वनियंत्राचा आकडा ७ धरलेला असतो. 'आवाज फार' अशा तक्रारी आल्या की थिएटरवाले तो पाच-साडेपाचवर आणतात. गाणी तेवढ्यातही ऐकू येतात, पुटपुटलेले टोमणे मात्र जातात. विनोदी सिनेमाचा जीव त्या टोमण्यांत असतो.

तक्रार पहिल्या दहा मिनिटांत करा, मध्यंतरापर्यंत थांबू नका. दारावरच्या मुलाला 'दिसत नाही' म्हणून उपयोग नाही. ड्यूटी मॅनेजरला बोलवा आणि 'पडद्याचा उजेड कमी आहे, ३डीचं भिंग काढलंय का बघा' किंवा 'संवादाचा आवाज वाढवा' असं नेमकं सांगा. नेमकं सांगितलं की माणूस वर केबिनमध्ये जाऊन बघतो.

कॉलेजच्या फिल्म क्लबमध्ये असा एक सिनेमा दाखवून मतं गोळा करायची आहेत. मागच्या वेळी चर्चेत तिघंच बोलले, बाकीच्यांनी माना डोलवल्या. (लातूर)

चर्चेआधी चिठ्ठ्या घ्या. सगळी गडबड चर्चेतच होते. पहिला बोलणारा जे म्हणतो, तेच पुढच्या दहा जणांना आपलं मत वाटायला लागतं.

दिवे लागताच अर्धं पान वाटा, नाव लिहायला सांगू नका, सात मिनिटं द्या. प्रश्न चारच: सिनेमातल्या जादूचा नियम एका वाक्यात लिहा. मनापासून हसलात तो एक प्रसंग लिहा. मोबाइलकडे हात गेला ती जागा लिहा. पुन्हा बघाल का आणि कुणाबरोबर? पाचपैकी गुण सगळ्यांत शेवटी मागा. आधी मागितले तर माणूस त्या आकड्याला शोभतील अशी कारणं शोधत बसतो.

पहिल्या प्रश्नाचे कागद वेगळे काढा. चाळीस जणांनी नियम पाच-सहा तऱ्हांनी लिहिला असेल, तर सिनेमाला तो सांगता आलेला नाही. मग पुढचे गुण कसेही असोत.

सरासरी काढून फलकावर लिहू नका. वीस जणांनी ५ आणि वीस जणांनी २ दिले तर सरासरी साडेतीन. वीस जणांनी ४ आणि वीस जणांनी ३ दिले तरी साडेतीनच. पहिला सिनेमा भांडण लावणारा, दुसरा विसरून जाण्यासारखा. कितीचे किती आले, हे सरळ मांडा. ५ देणारे आणि २ देणारे यांच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवून तोच प्रसंग दोन्हीकडे आलाय का बघा. बहुतेक वेळा येतो. चर्चा तिथून सुरू करा, म्हणजे कडेचे पण बोलतात.

बसवण्याचंही बघा. दोनशेच्या सभागृहात चाळीस जण विखरून बसले की हसू पसरत नाही आणि सिनेमा आहे त्यापेक्षा फिका वाटतो. मधल्या चार रांगांत दाटीने बसवा. दोन मुलांना घड्याळ देऊन कडेला ठेवा. सगळं सभागृह हसलं की त्यांनी मिनिट टिपायचं. मध्यंतरानंतर सलग वीस मिनिटं कोरी गेली तर चिठ्ठ्यांमधला कंटाळा तिथेच सापडेल. आठवड्याने त्याच मुलांना एकच प्रश्न विचारा: काय आठवतंय? तेव्हाचं उत्तर पहिल्या दिवशीच्या गुणांपेक्षा खरं असतं.

परवानगीचं म्हणाल, तर १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शिक्षणसंस्थेच्या कामाचा भाग म्हणून दाखवलेल्या सिनेमाला सवलत आहे. पण प्रेक्षक विद्यार्थी, शिक्षक-कर्मचारी, पालक आणि संस्थेच्या कामाशी संबंधित माणसं एवढेच हवेत. गावाला आमंत्रण आणि तिकीट लावलं की सवलत गेली.

एका संकेतस्थळावर ९० टक्के पाहून गेलो आणि पस्तावलो. (हिंगोली)

ते ९० गुण नव्हते. 'रॉटन टोमॅटोज'वरची टक्केवारी म्हणजे शंभरातल्या किती समीक्षकांनी 'बरा' म्हटलं, तो आकडा. सगळ्यांनी दहापैकी सहा दिले तरी शंभर टक्के येऊ शकतात. आयएमडीबीवरचा आकडा प्रेक्षकांच्या गुणांची भारित सरासरी असतो, ते माप वेगळं. हलक्याफुलक्या सिनेमांना 'बरा' म्हणणं सोपं असतं, त्यामुळे टक्के फुगतात. खालची दोन-तीन नाराज मतं वाचा. ती ज्यावर नाराज आहेत ते तुम्हाला चालत असेल तर जा.

मराठीत अशा सिनेमांतली जादू स्वस्त दिसते. आम्ही मोबाइलवर दहा मिनिटांची फिल्म करतोय, त्यात मुलगी गायब होते. पैसे नाहीत. काय करावं? (नांदेड)

जादू स्वस्त असण्याला हरकत नाही, ती गलथान नको. फाळक्यांनी 'लंका दहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) मध्ये जे दाखवलं, ते कॅमेऱ्यातल्याच युक्त्यांनी.

माणूस गायब करायला कॅमेरा हलू न देणं एवढंच लागतं. मोबाइल ट्रायपॉडवर घट्ट बसवा, चित्रीकरण थांबवू नका. मुलगी उचकी देते, तुम्ही 'स्टॅच्यू' म्हणता, बाकीचे सगळे जागच्या जागी थिजतात, ती चौकटीबाहेर जाते, बाकीचे पुढचा अभिनय करतात. मधला तुकडा कापला की काम झालं. चुकतं ते पुढच्या गोष्टींत. स्क्रीनवर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड दोन्ही लॉक केलेले नसतात, त्यामुळे ती गेल्यावर चित्र उजळतं. पंखा चालू असतो आणि पडदा कापाच्या आधी एकीकडे, नंतर दुसरीकडे. ढग येतो. थिजलेल्यांपैकी एकाची मान वळते. हे सगळं मिनिटभरात उरका आणि चार वेळा करा.

आपली वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. ३० फ्रेम आणि १/६० ठेवलंत तर चित्रात पट्टे लहरतात. कापाच्या जागी उचकीचा आवाज ठेवा, पण खोलीचा मूळ आवाज सलग राहू द्या. त्यासाठी सगळ्यांना गप्प बसवून तीस सेकंद नुसती खोली ध्वनिमुद्रित करून ठेवा. हे पाऊल नव्वद टक्के नवखे विसरतात, असं म्हटलं तर मोजून सांगितल्यासारखं होईल, पण विसरतात.

हिरवा पडदा (मागचा हिरवा रंग काढून तिथे दुसरं चित्र बसवण्यासाठी) वापरायचा मोह झालाच तर पात्र पडद्यापासून सहा ते आठ फूट पुढे उभं करा आणि पडद्याला वेगळा उजेड द्या, नाहीतर हिरवी झाक गालावर येते. पुढे केसांची कड कुरतडल्यासारखी दिसते, ती यामुळेच. आणि लग्नाचा प्रसंग असेल तर निळा पडदा घ्या. हिरव्यावर नवरीचा हिरवा चुडा मनगटासकट गायब व्हायचा.

सात वर्षांच्या मुलीला अशा सिनेमाला न्यावं का? (बीड)

सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर प्रमाणपत्र येतं आणि तिकीट काढतानाही तो वर्ग दिसतो. २०२४च्या नव्या नियमांनी यूएचे तीन भाग झाले: ७+, १३+ आणि १६+. तुमच्या मुलीला यू आणि यूए ७+ चालेल. यूए १३+ असेल तर आधी कुणीतरी पाहून या. या सिनेमांत भीती दृश्यापेक्षा अचानक आदळणाऱ्या आवाजाची असते, म्हणून स्पीकरजवळच्या कडेच्या खुर्च्या टाळा.

गणपतीत मंडळाच्या पडद्यावर आमच्या ओटीटी खात्यातून सिनेमा लावला तर चालेल का? (अंबाजोगाई)

नाही. ते खातं घरात बघण्यापुरतं असतं. चौकात दाखवायला निर्मात्याची किंवा हक्क असलेल्या वितरकाची लेखी परवानगी लागते, खेळ फुकट असला तरी. कॉलेजला मिळणारी सवलत मंडळाला नाही.

सिनेमावरचं माझं मत सोबत पाठवत आहे, दुरुस्त करून द्यावं: 'सिनेमा ठीक आहे. पहिला भाग छान, दुसरा ताणलेला. कलाकारांची कामं चांगली. गाणी श्रवणीय. एकदा पाहायला हरकत नाही.' (सेलू)

दुरुस्त करायला यात काही चुकीचं नाही, हीच अडचण आहे. हे कुठल्याही सिनेमाला चिकटतं. 'छान' लिहिलंत तिथे प्रसंग लिहा, 'ताणलेला' लिहिलंत तिथे कुठून कुठपर्यंत ते लिहा, आणि 'हरकत नाही' लिहिलंत तिथे कुणाला हरकत नाही ते. शेवट सांगू नका, पण शेवट नियमातून आला की बाहेरून, एवढं सांगितलंत तर रहस्य फुटत नाही. वरच्या उचकीच्या गोष्टीवर सिनेमा निघाला आहे असं धरलं, तर मत असं लिहिता येईल:

'उचकी लागली की मुलगी आठवण काढणाऱ्यासमोर जाऊन पडते. परतीचं भाडं तिचं तिनेच भरायचं, म्हणून पहिला तास खदखदून हसवतो. बसस्टँडवरचा कंडक्टरचा प्रसंग दोनदा बघावा असा. मध्यंतरानंतर नायकाला ती हे का सांगत नाही याला कारणच नाही, त्यामुळे मामाच्या वाड्यावरचा अर्धा तास रेटत जातो. शेवट मात्र उचकीतूनच येतो. मुलांना चालेल, आजीला आवडेल. संवाद हळू आहेत, मागच्या रांगा घेऊ नका.'